पान ८२ वरचा अंगठा

फाइल ३८ एमबीची होती. आतेबहिणीनं सकाळी साडेसहाला व्हॉट्सॲपवर पाठवली आणि खाली लिहिलं, "ताई, तुझं पुस्तक आमच्या ग्रुपवर आलं! किती छान!" तिला खरंच आनंद झाला होता. पुस्तक बाजारात येऊन तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते.

गॅसवरचा चहा उतू गेला, तरी मी फाइल बघत उभी होते. मोबाइलनं पानांचे फोटो काढून केलेली पीडीएफ. प्रत्येक पान जरासं तिरकं, वर ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा. कुणीतरी पुस्तक मधोमध दाबून धरून दोन-दोन पानांचे शंभरावर फोटो काढले होते. पान ८२ च्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक अंगठा आला होता. नखाच्या कडेला हळदीचा पिवळा डाग. शेवटच्या ओळीतले पहिले दोन शब्द त्या अंगठ्याखाली गेले होते. पुढं पान ११२ वर हिरव्या काचेच्या बांगडीची कड दिसत होती.

आधी हिशेब सांगते. मी कन्नडमधून मराठीत अनुवाद करते. हे पुस्तक २१४ पानांचं, किंमत ३५० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची. मानधन दहा टक्के, त्यातलं निम्मं मूळ लेखकाला, निम्मं मला. म्हणजे एका प्रतीमागे साडेसतरा रुपये. शेवटची प्रत विकली गेली की माझ्या हातात एकूण ८,७५० रुपये येणार. काम अडीच वर्षांचं. एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. माझी अख्खी आवृत्ती एका ग्रुपच्या निम्म्यातही भरत नाही.

मला राग आला होता, आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. पण त्या अंगठ्याकडे बघताना तो नीट धरता येईना. ती बाई कुणीही असो, स्वयंपाक करता करता तिनं शंभरदा ते पुस्तक उघडून दाबलं होतं. नव्या पुस्तकाची शिवण किती घट्ट असते, हात आवळून धरल्याशिवाय पान सपाट होत नाही. एवढे कष्ट माणूस फुकट वाटण्यासाठी का घेतो, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागं लागला आहे.

आमच्या प्रकाशकांचा कारभार तीन माणसांचा. ते संतापले होते. "पोलिसांत जाऊ या," म्हणाले. जाता आलं असतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड सांगतं. धंद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, एवढी सवड आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचा निर्वाळा दिला. त्याच वर्षी दिल्लीतल्या एका क्लास चालवणाऱ्या शिक्षिकेच्या नोट्स टेलिग्रामवर फिरत होत्या, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं टेलिग्रामला चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली. आमचा सर्व्हर परदेशात आहे, ही सबब चालली नाही. म्हणजे मनात आणलं असतं तर त्या हळदीच्या अंगठ्यापर्यंत पोचता आलं असतं.

पोचून काय केलं असतं? अमेरिकेत मिनेसोटामधल्या एका बाईवर २४ गाणी इंटरनेटवर इतरांना खुली केल्याबद्दल खटला चालला. एका फेरीत ज्यूरीनं १९ लाख २० हजार डॉलर भरपाई ठरवली. बऱ्याच वर्षांच्या कज्ज्यानंतर २०१२ मध्ये अपील न्यायालयानं ती २ लाख २२ हजार डॉलरवर आणली. चोवीस गाणी! तो आकडा वाचल्यावर त्या गाण्यांच्या गायकांचं काय भलं झालं असेल ते मला कळेना. प्रकाशकांना मी म्हटलं, पोलिसांत नको, आधी त्या ग्रुपच्या ॲडमिनशी बोलते.

ॲडमिन म्हणजे निवृत्त ग्रामसेवक निघाले. फार अदबीनं बोलले. "मॅडम, विद्या दिल्यानं वाढते, असं आपल्याकडं म्हणतात ना?" मी म्हटलं, "म्हणतात." मग ते जे बोलले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या तालुक्यात पुस्तकाचं दुकान नाही. गाइडं मिळतात, वह्या मिळतात, पोथ्या मिळतात. कथा-कादंबरी हवी तर जिल्ह्याला जायचं, एसटीचं जाण्या-येण्याचं भाडं आणि दिवस मोडायचा, आणि तिथंही ती असेलच असं नाही. ग्रुपमध्ये एकजण मस्कतला आहे, दोघं अमेरिकेत. त्यांना ३५० रुपयांच्या पुस्तकाचं टपाल पुस्तकापेक्षा महाग पडतं.

माझं माहेर सोलापूर जिल्ह्यातलं, कर्नाटकच्या शिवेवरचं. घरात मराठी, दारात कन्नड. आमच्या गावीही हीच गत होती, म्हणून त्यांच्या बोलण्यातला एकही शब्द मला खोटा वाटला नाही.

शिवाय मी स्वतः कशी वाढले? १९९८ साली पुण्याला एम. ए. करताना जयकर ग्रंथालयाच्या टेबलाशी बसायचं आणि हवं ते पुस्तक घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जायचं. पानाला पन्नास पैसे. भाषांतराच्या सिद्धान्तावरचं एक इंग्रजी पुस्तक विकत घ्यायला माझ्या दोन महिन्यांच्या मेसचे पैसे लागले असते. मी त्याचं पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत झेरॉक्स केलं, स्पायरल बाइंडिंग केलं, वर पारदर्शक प्लास्टिक. ते बाड अजून माझ्या कपाटात आहे. कडा पिवळ्या पडल्यात, शाई पुसट झाली आहे. माझं सगळं काम त्या बाडावर उभं आहे, आणि त्याच्या लेखकाला माझ्याकडून एक पैसा मिळालेला नाही.

अशाच बाडांवरून दिल्लीत मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं रामेश्वरी फोटोकॉपी हे छोटं दुकान विद्यार्थ्यांना अभ्यासक्रमातल्या वेगवेगळ्या पुस्तकांची प्रकरणं एकत्र बांधून द्यायचं. ऑगस्ट २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी त्या दुकानावर आणि विद्यापीठावर दावा लावला. अमर्त्य सेन यांनी प्रकाशकांना पत्र लिहून दावा मागं घ्यायची विनंती केली. ज्यांच्या पुस्तकांची पानं त्या बाडांत होती, त्यांतल्याच काही अभ्यासकांनी आमच्या नावानं हे करू नका म्हणून सांगितलं. १६ सप्टेंबर २०१६ ला न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. कॉपीराइट हा दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नाही, लोकांची बौद्धिक समृद्धी व्हावी म्हणून केलेली ती व्यवस्था आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. डिसेंबरमध्ये खंडपीठानं काही मुद्दे पुन्हा तपासायला सांगितले, पण तत्त्व तेच ठेवलं: शिकवण्यासाठी लागतील तेवढी पानं घ्यावीत, पानं मोजत बसू नये. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा सोडून दिला.

निकाल आला त्या दिवशी मी कपाटातून माझं बाड काढून टेबलावर ठेवलं होतं. अठरा वर्षांची एक टोचणी होती, ती कमी झाली. पुरती गेली नाही, कारण तो निकाल अभ्यासक्रमाच्या वाचनापुरता होता. माझ्या अनुवादाची पीडीएफ कुणी वर्गात शिकवायला घेतली नव्हती. ती दुपारी आडवं पडून वाचण्यासाठी होती.

आपल्याकडं नक्कल हा शब्द मुळात वाईट नव्हता. शेकडो वर्षं पुस्तक पुढच्या पिढीकडे गेलं ते कुणीतरी हातानं उतरून घेतलं म्हणून. जुन्या पोथ्यांच्या शेवटी लिहिणारा एक श्लोक टाकून जायचा, भग्नपृष्ठकटिग्रीवा असा सुरू होणारा. पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, डोळे ताठरले, कष्टानं लिहिलंय, जपून ठेवा. दुसऱ्या एका श्लोकात पोथी स्वतःच बोलते: तेलापासून राख, पाण्यापासून राख, ढिल्या बांधणीपासून राख आणि मूर्खाच्या हाती देऊ नकोस. लेखकाला मानधन कुणी देत नव्हतं हे खरं. पण प्रत करणाऱ्याच्या अंगाला ती प्रत लागायची. महिनोन्‌महिने बसून उतरून घेतलेली पोथी माणूस कुणाच्या हातात देतोय ते बघून देतो.

याच्या उलटंही आपल्याच भाषेत घडलं आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांमध्ये बंद करून ठेवले. त्यामुळे ते जपले गेले, पंथाच्या हातात राहिले. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्या लिप्यांची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळेपर्यंत मराठीतल्या सुरुवातीच्या गद्याचं एवढं मोठं दालन बाकीच्या मराठी वाचकाला माहीतच नव्हतं. कुलूप लावून भाषा राखता येते, वाढवता येत नाही.

म्हणून मला त्या हळदीच्या अंगठ्यात आणि तिच्यापासून पुढं फाइल ढकलणाऱ्यांत फरक दिसतो. तिनं पाठ मोडून प्रत केली. तिनं ती एका मैत्रिणीला दिली असती तर मी एक अक्षर बोलले नसते. पुस्तक मैत्रिणीला द्यायचंच असतं, माझीही कितीतरी पुस्तकं लोकांच्या घरी आहेत. पण पुढच्या माणसानं काहीच केलं नाही. बोट ठेवलं आणि नऊशे जणांना पाठवलं. त्यातल्या किती जणांनी ती फाइल उघडली कोण जाणे. माझ्या मते नुकसान तिथं आहे. नऊशे फोनमध्ये न वाचलेलं पुस्तक पडून राहतं, आणि ज्या तिघाचौघांनी ते विकत घेतलं असतं तेही "माझ्याकडे आहे" म्हणून गप्प बसतात. वाचलं गेलं असतं तर मी निम्मं दुःख गिळलं असतं.

ॲडमिनना मी सरळ सांगितलं. लेखक हयात आहे, पुस्तक छापात आहे, मागवलं तर चार दिवसांत घरी येतं, अशा पुस्तकाची फाइल फिरवू नका. पाचशे प्रती संपायला तीन वर्षं लागली तर प्रकाशक पुढचा अनुवाद घेत नाही, आणि मग तुम्हाला फुकट वाचायलासुद्धा काही उरणार नाही. त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी ग्रुपवरून फाइल काढली आणि तिथं प्रकाशकांचा नंबर टाकला. त्या महिन्यात अकरा प्रती गेल्या. नऊशेत अकरा. मी त्या अकरा पाकिटांवरचे पत्ते प्रकाशकांच्या टेबलावर वाचले: दोन अशी गावं होती जी मला नकाशात शोधावी लागली.

फाइल अर्थात आणखी दहा ठिकाणी होतीच. ती आता परत येत नाही.

आणि जे पुस्तक छापातच नाही त्याचं काय? इथं माझी बाजू पूर्ण बदलते, आणि ती मला लपवायची नाही. आपल्याकडं लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो. आधी पन्नास होती. रवींद्रनाथ टागोर १९४१ मध्ये गेले, १९९१ अखेर त्यांचं साहित्य खुलं होणार होतं. ते त्यांच्याच विश्वभारती विद्यापीठाच्या हातून जाऊ नये म्हणून सरकारनं ऐन वेळी मुदत दहा वर्षांनी वाढवली, आणि ती सगळ्यांनाच लागू झाली. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ ला खुलं झालं. अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांच्यासाठी २०२९ संपेपर्यंत थांबायचं. हे मोठे लेखक, त्यांची पुस्तकं मिळतात तरी. पण एकच आवृत्ती निघालेल्या, १९७०-८० च्या दशकात एखादाच चांगला कथासंग्रह लिहून गेलेल्या माणसाचं काय? प्रकाशनसंस्था बंद, वारस कुठं आहेत माहीत नाही, छापायची परवानगी मागायची कुणाकडं? साठ वर्षांनी हक्क संपेल तोवर ग्रंथालयातली शेवटची प्रत वाळवीनं संपवलेली असेल. अशा पुस्तकाचं स्कॅन करून ठेवणाऱ्याला मी उल्लंघन करणारा म्हणायला तयार नाही. कायदा म्हणतो, पण मी म्हणणार नाही.

हक्क संपला की पुस्तक आपोआप हातात पडतं असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५६ मध्ये गेले, २०१७ पासून त्यांच्या लेखनावर कुणाचा कॉपीराइट नाही. महाराष्ट्र शासन त्यांचे खंड छापतं. २०२१ मध्ये एका मराठी दैनिकात बातमी आली की शासनानं ९ लाख प्रती छापायचं ठरवलं आणि छापून झाल्या ३३ हजार. मुंबई उच्च न्यायालयानं त्या बातमीची स्वतःहून दखल घेतली. दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोक पोटाला चिमटा घेऊन ग्रंथ विकत घेतात, पुस्तकांच्या स्टॉलपुढं रांगा लागतात. वाचक पैसे घेऊन उभा आहे आणि पुस्तक नाही. अशा वेळी त्या खंडांच्या पीडीएफ पोरापोरांच्या फोनमधून फिरल्या, इंग्रजी खंड तर सरकारी संकेतस्थळावरच आहेत, ते फार चांगलं झालं.

शोधनिबंधांबद्दल थोडक्यात. तिथं लेखकाला मानधन नसतंच, परीक्षकालाही नसतं, आणि वाचायला मात्र एका निबंधाला दोन-तीन हजार रुपये मागतात. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी २०११ मध्ये साय-हब हे शोधनिबंध फुकट उतरवून देणारं संकेतस्थळ सुरू केलं ते यावरच. त्याच वर्षी अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ या तरुणाला एमआयटी विद्यापीठाच्या नेटवर्कवरून जेस्टोर या शोधनिबंधांच्या संग्रहातले लाखो लेख उतरवल्याबद्दल पकडलं. खटला डोक्यावर असताना ११ जानेवारी २०१३ ला त्यानं आत्महत्या केली. सव्वीस वर्षांचा होता. त्याचं नाव आलं की मला पुढं लिहवत नाही. साय-हबवर तीन बड्या प्रकाशकांनी डिसेंबर २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि २०२५ मध्ये न्यायालयानं ते भारतात बंद करायला सांगितलं. सरकारनं मधल्या काळात 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आणलं: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं, ६,३०० संस्थांना खुली. चांगलं पाऊल आहे. पण माझ्यासारखी, कुठल्याच संस्थेच्या हजेरीपटावर नसलेली, दाराबाहेरच आहे.

२०२५ मध्येच आणखी एक गोष्ट घडली. चोरट्या ग्रंथसंग्रहांतून उतरवलेल्या पुस्तकांबद्दल अँथ्रॉपिक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीनं अमेरिकेत लेखकांशी १५० कोटी डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागं सुमारे तीन हजार डॉलर. त्यात मोजली गेली ती अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंदलेली पुस्तकं. माझ्या ओळखीतल्या एकाही मराठी लेखकानं तिकडं पुस्तक नोंदवलेलं नाही. ज्याच्याकडं वकील आणि नोंदणी आहे त्याच्या पुस्तकाला किंमत मिळते, बाकीच्यांचं पुस्तक नुसतं हवेत जातं.

आता ज्या फोनबद्दल सांगण्यासाठी खरं तर हे लिहायला घेतलं, त्याकडं येते.

पुस्तक येऊन दोनेक महिने झाले असतील. अनोळखी नंबर. "नमस्कार ताई, मी परभणी जिल्ह्यातून बोलतोय, शिक्षक आहे. तुमचं पुस्तक ऐकलं." मला वाटलं कुणी वाचून दाखवलं असेल. तसं नव्हतं. सर दृष्टिहीन आहेत. त्यांच्याकडं तीच पीडीएफ आली होती, अंगठ्याची. त्यांनी ती फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या ॲपमधून काढली आणि फोनकडून वाचून घेतली. दोन रात्री जागून.

मी गप्प झाले. त्यांना ते जाणवलं असावं. "ताई, फुकट घेतलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका. मी पैसे पाठवतो. पण मला वाचता येईल असं हे पुस्तक विकत कुठं मिळतं ते सांगा."

मिळत नव्हतं. कुठंच. २०१२ च्या दुरुस्तीनं आपल्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की अपंग व्यक्तीला वाचता येईल अशी प्रत करायला परवानगी लागत नाही. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं खुली करणारा माराकेशचा जागतिक करार २०१३ मध्ये झाला, आणि तो मान्य करणारा पहिला देश भारत, जून २०१४ मध्ये. म्हणजे त्या फाइलवर त्या नऊशे जणांपैकी कुणाचा हक्क नसेल, पण सरांचा पुरेपूर होता. आणि तो हक्क त्यांना मिळाला एका चोरट्या प्रतीतून.

मी म्हटलं, "सर, थांबा. मी प्रकाशकांकडून मूळ फाइल घेऊन पाठवते, स्वच्छ." प्रकाशकांनी लगेच दिली, कुरकुर न करता. मी ती सरांना पाठवली आणि मला जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: "ताई, यातलं काहीच कळत नाही." त्यांनी फोन स्पीकरला धरून ऐकवलं. फोनमधली बाई युरोपी अक्षरांची आणि चिन्हांची नावं भराभर घेत होती, मराठी एक शब्द नाही.

छापखान्यातल्या माणसाला हे नवीन नाही. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. मराठीतली कितीतरी पुस्तकं अजून तिच्या आधीच्या फॉन्टमध्ये लागतात. त्या फॉन्टमध्ये पडद्यावर दिसतो तो 'क', पण संगणकाच्या पोटात तिथं भलतंच रोमन अक्षर असतं. डोळ्यांनी वाचणाऱ्याला काही फरक पडत नाही. कानांनी वाचणाऱ्याला ते पुस्तक महानुभावांच्या सकळ लिपीसारखं बंद. हळदीच्या हातानं काढलेला तिरका फोटो मात्र फोननं घडाघडा वाचला, कारण तो अक्षरांचा आकार बघत होता. आमच्या अधिकृत, स्वच्छ, पैसे देऊन लावलेल्या फाइलपेक्षा ती उचललेली प्रत त्यांच्या उपयोगाची होती.

मग मी रूपांतर करायला बसले. जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारी साधनं आहेत, पण ती रफार भलत्या अक्षरावर नेऊन ठेवतात, जोडाक्षरं फोडतात, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटवतात. 'निर्धार'चं काहीतरी भलतंच होतं. २१४ पानं ओळ न्‌ ओळ तपासायची होती. रोज रात्री दहा-बारा पानं. अडीच वर्षं केलेलं पुस्तक मी पुन्हा एकदा अक्षर अक्षर केलं, आणि एक सांगते, छापलेल्या प्रतीतल्या चार चुका मला तेव्हा सापडल्या.

काम निम्म्यावर आलं असताना सरांचा पुन्हा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "ताई, एक विचारायचं राहिलंय. पान ८२ ला शेवटची ओळ माझ्या प्रतीत अर्धी आहे. 'तिनं बोटानं बाजूला केली.' काय बाजूला केली ते येतच नाही. 'केली' आहे म्हणजे शब्द स्त्रीलिंगी. मी माती धरून चाललो होतो."

मला पान उघडावं लागलं नाही. त्या दोन शब्दांसाठी मी मूळ लेखकाला तीनदा फोन केला होता. कन्नडमध्ये तिथं एकच शब्द आहे.

"वरची राख," मी म्हटलं. "वरची राख तिनं बोटानं बाजूला केली."

पलीकडं थोडा वेळ काही आवाज आला नाही.

"राख," सर म्हणाले. "म्हणजे खाली विस्तव होता अजून."

"होता, सर."